सदर्न म्हणजे दक्षिण नव्हे

दौत-टाकाच्या काळात वहीत गुलाबी टीपकागद असायचा. ओल्या शाईवर तो दाबला की अक्षरांचा उलटा ठसा त्याच्यावर उमटे. अशा टिपण्याला इंग्रजीत ‘ब्लॉट’ म्हणतात. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत रोज कानावर पडणाऱ्या सदर्न, नॉर्दर्न आणि वेस्टर्न ब्लॉट या तीन नावांचं मूळ या टिपण्यातच आहे.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला डीएनए नेमक्या जागी कापणारी विकरं शास्त्रज्ञांच्या हाती आली होती. समुद्री शेवाळापासून केलेल्या अ‍ॅगरोजच्या जेलमध्ये हे तुकडे ठेवून वीजप्रवाह सोडला, की लहान तुकडे पुढे पळत आणि मोठे मागे रेंगाळत. पण लाखो तुकड्यांच्या त्या गर्दीत हवा असलेला जनुक शोधायचा कसा? जेलच्या चकत्या कापायच्या, एकेका चकतीतून डीएनए बाहेर काढायचा आणि तपासायचा. वेळखाऊ काम, आणि चकत्या कराव्यात तर जेलमधली बारीक रांग विस्कटायची.

एडिनबराचे एडविन सदर्न यांनी ही अख्खी रांग जशीच्या तशी टिपून घेतली. अल्कलीने डीएनएचे दोन धागे सुटे करायचे. मिठाच्या द्रावणात भिजलेल्या कागदावर जेल ठेवायचा, त्यावर नायट्रोसेल्युलोजचा पातळ पापुद्रा आणि वर कोरड्या कागदांची चवड. कोरडा कागद द्रावण वर ओढून घेतो, त्या ओघात डीएनए जेलमधून निघतो आणि पापुद्र्याला चिकटतो. मग हव्या त्या जनुकाशी जुळणारा किरणोत्सारी प्रोब, म्हणजे शोधक धागा, त्यावर सोडायचा. तो आपली जोडी शोधून तिथेच बसतो आणि एक्स-रे फिल्मवर काळी रेघ उमटते. सदर्न यांचा हा शोधनिबंध 1975 साली प्रसिद्ध झाला आणि पद्धतीला त्यांचंच आडनाव चिकटलं. 1984 साली लेस्टरमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएचा पहिला ‘बोटठसा’ दिसला, तोही याच रीतीने टिपलेल्या फिल्मवर.

1977 साली स्टॅनफर्डमध्ये अ‍ॅल्विन, केम्प आणि स्टार्क यांनी हेच आरएनएच्या बाबतीत करून दाखवलं. आरएनए तेव्हा नायट्रोसेल्युलोजवर ठरेना, म्हणून त्यांनी रासायनिक प्रक्रिया करून त्याला पकडून ठेवणारा कागद तयार केला. सदर्नची जोड म्हणून या पद्धतीला नॉर्दर्न म्हणू लागले.

प्रथिनांची पाळी 1979 साली आली. त्यांच्या जेलची छिद्रं फार बारीक, कागदाच्या नुसत्या ओढीने काम भागेना. बाझलमध्ये टोबिन, स्टेहेलिन आणि गॉर्डन यांनी वीजप्रवाहानेच प्रथिनं पापुद्र्यावर ढकलली आणि प्रोबच्या जागी अँटीबॉडी वापरली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिएटलमध्ये, नील बर्नेट यांनीही अशीच पद्धत बसवली होती. त्यांचा निबंध आधी नाकारला गेला, तरी त्याच्या प्रती हातोहात फिरत राहिल्या. 1981 साली तो छापून आला, तेव्हा सदर्न-नॉर्दर्नची परंपरा आणि आपला किनारा या दोन्हींना स्मरून त्यांनी दिलेलं ‘वेस्टर्न’ हे नाव जगभर पक्कं झालं. पुढे एचआयव्हीच्या निदानाची खातरजमा करणारी चाचणी म्हणून हे नाव प्रयोगशाळेबाहेरच्या घराघरांतही पोहोचलं.

इंग्रजीत लिहिताना सदर्नचा ‘एस’ मोठा काढतात, कारण ते विशेषनाम आहे; नॉर्दर्न आणि वेस्टर्न बहुधा लहान अक्षराने लिहितात. देवनागरीत अक्षरांना लहानमोठेपण नाही, त्यामुळे आपल्याकडे हा माणूस दिशांच्या गर्दीत अगदी दिसेनासा होतो. म्हणून मराठीतून जीवशास्त्र शिकवणाऱ्याने पहिल्याच तासाला एडविन सदर्न यांचं पूर्ण नाव फळ्यावर लिहावं आणि शेजारी ‘टीपकागद’ हा शब्द. बाकीची पद्धत त्या दोन नोंदींतून उलगडत जाते.