धूळपाटीचा प्रवास

१७८९ साली मद्रासच्या सैनिकी अनाथालयाची देखरेख रेव्हरंड अँड्र्यू बेल यांच्याकडे आली. एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरविताना त्यांनी पाहिली. हाताखालच्या शिक्षकांनी ती रीत आपल्याकडे चालावयाची नाही असे सांगितले. तेव्हा जॉन फ्रिस्कन या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याकडेच वर्ग सोपविण्यात आला, आणि त्याने तो उत्तम चालविला. विद्यार्थ्याने विद्यार्थ्यास शिकविण्याच्या या 'मद्रास पद्धती'चा वृत्तान्त १७९७ मध्ये लंडनला छापला गेला. पुढील वर्षी तेथेच शाळा काढणारे जोसेफ लँकेस्टर व बेल यांच्या अनुयायांत श्रेयाचा वाद बरीच वर्षे चालला. ज्यांची वाळू, त्या देशी गुरुजींना त्यात पक्षकार म्हणूनही स्थान नव्हते!

महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांतही धूळपाटी होती ('धुळाक्षरे' हा शब्द तिची साक्ष होय) आणि थोरली मुले धाकट्यांस शिकवीत. १८२० नंतर मुंबई इलाख्यात लँकेस्टर पद्धतीचा पुरस्कार झाला तो विलायती सुधारणा म्हणून. तथापि मूळचीच वस्तू परत आली, असे म्हणता येत नाही. शिकविता शिकविता शिकविणारा मुलगाही शिकतो, यावर बेल यांचा भर होता. लँकेस्टर यांच्या शाळेत एका शिक्षकाच्या हाती शेकडो मुले आणि हुकमाबरोबर हलणाऱ्या रांगा होत्या. मुंबईस पोहोचले ते मुख्यतः हे दुसरे रूप.