व्हॉक्सिया

समुद्रतळाला चिकटून वाढणाऱ्या स्पंजांची एक विलुप्त प्रजाती. काळ मध्य कँब्रियन, सुमारे ५०.८ कोटी वर्षांपूर्वीचा. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बर्जेस शेल या खडकात तिचे जीवाश्म मिळतात. अमेरिकन भूवैज्ञानिक चार्ल्स डूलिटल वॉलकॉट यांनी १९२० मध्ये तिचे वर्णन केले.

तळाशी एक बुंधा आणि त्याला फुटलेल्या पोकळ फांद्या, असे तिचे रूप. पाणी भित्तीतील छिद्रांतून आत शिरे, अन्नकण टिपले जात आणि पाणी टोकाच्या तोंडातून बाहेर पडे. सांगाडा तंतूंच्या जाळीचा. भिंगाखाली त्यातील षट्‌कोनी घरे दिसतात. बहुतेक स्पंजांत असतात तशा सुईसारख्या कंटिका मात्र नाहीत. एवढ्या मऊ देहाचा माग उरणेच नवल. बारीक चिखलाने तो झटकन गाडला म्हणून उरला. २०१३ मध्ये तर व्हॉक्सिया ग्रॅसिलेंटा या जातीत कायटिन हे मूळचे सेंद्रिय द्रव्य सापडले.