पेन्शनीतले सुभेदार: रामजी मालोजी सकपाळ

रामजी मालोजी सकपाळ यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. जन्म १८४८ च्या सुमारास. वडील मालोजी हेही पलटणीतलेच. कोकणातल्या महार कुटुंबांत त्या काळी ही गोष्ट नवलाची नव्हती. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपायांचा भरणा मोठा होता, आणि १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. गावकीची कामे, येसकरी आणि वतनाचे तुटपुंजे धान्य यांच्या पलीकडे रोख पगार, गणवेश आणि हुद्दा देणारे ठिकाण एकच होते, ते म्हणजे छावणी.

छावणीने पगाराखेरीज आणखी एक गोष्ट दिली आणि तिचे मोल पगारापेक्षा अधिक ठरले. शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पलटणीच्या शाळेत शिकावे लागे. ज्या काळात गावच्या शाळेची पायरी अस्पृश्य मुलाला चढता येत नव्हती, त्या काळात पलटणीतली मुले अक्षरे गिरवत होती. रामजी याच व्यवस्थेत शिकले. पुण्याला लष्करी शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत त्यांनी शिक्षण घेतले, पुढे स्वतः शिक्षक झाले आणि सुमारे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. हुद्दा सुभेदाराचा असला तरी त्यांच्या नोकरीतला बराचसा काळ फळा आणि पाटी यांच्यातच गेला.

त्यांचे लग्न भीमाबाईंशी झाले. भीमाबाई ठाणे जिल्ह्यातील मुरबाडच्या. त्यांचे वडील सुभेदार-मेजर होते आणि घरातले इतर पुरुषही फौजेतच. माहेरच्या मानाने सासरची परिस्थिती बेताची होती. या दांपत्याला चौदा अपत्ये झाली. त्यांतले शेवटचे, भीमराव (पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर), १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातल्या महू छावणीत जन्मले. महूला भेटलेल्या एका साधूने वंशात थोर पुरुष जन्मेल असा आशीर्वाद दिल्याची कथा चरित्रकारांना प्रिय आहे. या घराचा पुढचा इतिहास समजण्यासाठी मात्र पेन्शनीचा हिशेब अधिक उपयोगी पडतो.

रामजी १८९४ च्या सुमारास निवृत्त झाले. पेन्शन महिना ५० रुपये. बिऱ्हाड दापोलीला हलले. दापोलीच्या कॅम्पात कोकणातले अनेक निवृत्त लष्करी लोक राहत. वाचता-लिहिता येणारे, सरकारदरबारी अर्ज करण्याची सवय असलेले आणि गावकीच्या ओझ्यातून काहीसे सुटलेले असे हे लोक होते. ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे याच मंडळींतले, निवृत्त शिपाईच. जोतीराव फुले यांच्याविषयी रामजींना आदर होता, हेही या वातावरणाला धरूनच होते.

पेन्शनर सुस्थितीत दिसत असले तरी त्यांच्या मागचे दार याच काळात बंद झाले. १८५७ नंतर आणि विशेषतः १८८० च्या दशकापासून इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी ‘लढवय्या जाती’ नावाचा सिद्धान्त उचलून धरला. त्यात उत्तरेकडील काही जमाती शूर ठरल्या आणि महार भरतीतून वगळले गेले. १८९२ च्या सुमारास भरती थांबली. या निर्णयाविरुद्ध सरकारकडे अर्ज करण्यासाठी रामजींनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडून मसुदा तयार करून घेतला, असे चरित्रकार धनंजय कीर नोंदवतात. अर्जांचा उपयोग झाला नाही. महारांची भरती पुन्हा सुरू झाली ती पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, तीही थोड्याच वर्षांपुरती. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, बेळगावला. रामजींच्या मुलांना बापाची वाट मिळणार नव्हती. पलटणीची शाळा गेली, तेव्हा तिचे काम घरीच करावे लागणार होते.

दापोलीहून रामजी साताऱ्याला आले. तेथे त्यांना सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. साताऱ्यातच १८९६ च्या सुमारास भीमाबाई वारल्या. त्यांच्या मागे बळराम, आनंदराव व भीमराव हे मुलगे आणि मंजुळा व तुळसा या मुली होत्या. घर सांभाळायला रामजींची अपंग बहीण मीराबाई होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाले.

नोकरीमुळे रामजींना मुलांपासून दूर राहावे लागे. १९०१ च्या सुमारास ते खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदायला काढला होता. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मुलांना बोलावले. मुलांसाठी नवे कपडे शिवले गेले, जरीच्या टोप्या आल्या. कोणत्या गाडीने यायचे ते कळवा, मी किंवा शिपाई मसूर स्टेशनावर येऊ, असा निरोप होता. मुलांनी पत्र टाकले, पण ते शिपायाने रामजींना दिलेच नाही. मसूरला कोणीच न्यायला आले नव्हते. जात कळताच गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान पायी चालेल, अशी अट पडली. रात्रभर मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. ही हकीकत पुढे भीमरावांनी आपल्या आठवणींत सविस्तर लिहिली आहे. सुभेदाराचा हुद्दा आणि नव्या जरीच्या टोप्या छावणीबाहेर किती कामाच्या होत्या, ते या एका प्रवासावरून कळते.

घरात रामजींची शिस्त कडक होती. ते कबीरपंथी होते, मद्यमांसापासून दूर. रोज भजन होई, मुलांना दोहे आणि अभंग म्हणावे लागत, रामायण-महाभारत वाचावे लागे. आपल्याला अस्पृश्य मानणाऱ्यांचे ग्रंथ कशाला वाचायचे, असा प्रश्न धाकटा मुलगा विचारी. हलक्या मानल्या गेलेल्या कुळांतली माणसे कर्तृत्वाने कशी मोठी झाली हे त्यांतून दिसते, आणि आपल्या मनातला न्यूनगंड त्यामुळे जातो, असे रामजींचे उत्तर असे. मुलाचे समाधान झाले नाही, हे त्याने पुढे लिहूनही ठेवले. इंग्रजीची तयारी मात्र पक्की झाली. हॉवर्डची इंग्रजी वाचनपुस्तके पाठ करून घेणे आणि तर्खडकरांच्या पाठमालेतून भाषांतर करवणे हे काम रामजी स्वतः करत. जुना मुख्याध्यापक घरी एका विद्यार्थ्यासाठी शाळा चालवत होता.

या वडिलांचे चित्र निष्कलंक रंगवण्याचे कारण नाही. भीमाबाईंच्या पश्चात त्यांनी जिजाबाईंशी दुसरे लग्न केले आणि आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर दिसू लागले. ही गोष्ट धाकट्या मुलाच्या मनाला इतकी लागली, की वडिलांच्या जिवावर जगायचे नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचे, असा बेत त्याने केला होता. बेत फसला, आणि त्यानंतर मुलगा अभ्यासाला लागला.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. त्यातच चूल, लाकडे, जाते, माणसे. दोन्ही मुलांच्या शिक्षणाचा खर्च पेन्शनीत बसेना. आनंदराव जी. आय. पी. रेल्वेच्या कारखान्यात कामाला लागले आणि शिकायचे ठरले ते भीमरावांनी. एल्फिन्स्टन हायस्कुलातला हा विद्यार्थी लवकर झोपे. रामजी रात्री दोनपर्यंत जागत, त्याला उठवून अभ्यासाला बसवत आणि मग स्वतः आडवे होत. एखादे पुस्तक हवे असले आणि हातात पैसे नसले, की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात. मुलीकडून उसने मिळाले नाहीत तर तिचा एखादा दागिना घेऊन मारवाड्याकडे गहाण टाकत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत करत. आनंदरावांची सुटलेली शाळा आणि मुलींचे गहाण पडणारे दागिने चरित्रांत एखाददुसऱ्या ओळीत आटोपतात. खरे तर भीमरावांच्या शिक्षणाचा पहिला निधी तोच होता.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तिथला जातिभेद ठाऊक असल्याने रामजींचा या नोकरीला विरोध होता. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परतताना सुरत स्टेशनावर भीमराव वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. मुंबईला पोहोचायला एक दिवस उशीर झाला. मुलाला पाहून काही वेळातच, २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी वारले.

त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध झालेला, रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे.