भविष्याची जुनी रिळे

आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयातील एक लोखंडी कपाट रिकामे झाले आणि त्यात निवडक चित्रपटांचा संग्रह ठेवावा, असा विचार समितीपुढे आला. ख्रिस्तचरित्रावरील आणि संतांच्या जीवनावरील चित्रपटांची यादी सहज तयार झाली. विज्ञानकल्पनेवरील चित्रपट सुचविण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी सौम्य पण स्पष्ट शब्दांत विचारले, ‘देवळाच्या आवारात उडत्या तबकड्या कशाला?’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधता शोधता यादी बाजूला राहिली आणि एक इतिहासच हाती लागला. तो येथे मांडीत आहे.

१९९५ साली सिनेमाच्या जन्माला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने व्हॅटिकनच्या माध्यमविषयक परिषदेने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची एक यादी तयार केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन विभाग होते व प्रत्येकात १५ चित्रपट होते. कलेच्या विभागात फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ आणि स्टॅन्ली क्युब्रिक यांचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हे दोन विज्ञानपट समाविष्ट होते. व्हॅटिकनच्या यादीत ज्यांना जागा मिळाली, त्यांना आमच्या कपाटात मिळावयास हरकत नसावी, असे मी सांगितले. ज्येष्ठ सभासद हसले. परंतु तेवढ्याने प्रश्न संपला नाही.

प्रारंभ अर्थात जॉर्ज मेलिएस यांच्यापासून करावा लागतो. मेलिएस हे पॅरिसचे जादूगार. ल्युमिएर बंधूंचा २८ डिसेंबर १८९५ चा खेळ पाहिलेल्यांपैकी ते एक. १९०२ मध्ये त्यांनी ‘चंद्रावरील सफर’ हा सुमारे चौदा मिनिटांचा चित्रपट काढला. तोफेतून डागलेला गोळा चंद्राच्या डोळ्यात जाऊन रुततो, ते दृश्य ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनाही ठाऊक असते. पण या माणसाची अखेर विसरली जाते. पहिल्या महायुद्धात त्यांची शेकडो रिळे वितळविण्यात आली आणि त्या सेल्युलॉइडचा उपयोग सैनिकांच्या बुटांच्या टाचांसाठी झाला. १९२३ मध्ये कर्जापायी स्टुडिओ गेला, तेव्हा उरलेल्या मूळ प्रती त्यांनी स्वतःच जाळल्या. पुढे माँपार्नास स्थानकावर ते खेळणी आणि मिठाई विकत बसत. चंद्रावरील सफरीची हाताने रंगविलेली प्रत कायमची गेली, असेच सर्वांनी गृहीत धरले होते. १९९३ मध्ये बार्सिलोनाच्या चित्रसंग्रहालयाकडे ती देणगीदाखल आली. पण रीळ घट्ट चिकटून त्याचा दगड झाला होता. तो सोडविता सोडविता, चौकटी एकेक करून जुळविता जुळविता, २०११ साल उजाडले आणि कान महोत्सवात ती रंगीत सफर पुन्हा पडद्यावर आली. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी दोनच उरली आहेत, हे आठवले म्हणजे त्या कारागिरांचे मोल कळते.

यानंतरचा चित्रपट ‘मेट्रोपोलिस’. माझ्या यादीत तो पहिला आहे आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून राहवत नाही.

१० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये त्याचा पहिला खेळ झाला. कथा भविष्यातील एका महानगराची आहे. वर गगनचुंबी इमारतींत मालकवर्ग, खाली जमिनीच्या पोटात यंत्रांना जुंपलेले मजूर. लांग यांचे बालपण कॅथलिक संस्कारांत गेले होते आणि तो ठसा चित्रपटात जागोजाग उमटला आहे. मजूर दिवसभराचे श्रम संपवून भूमिगत कबरस्तानात जमतात. तेथे क्रूसांच्या आणि मेणबत्त्यांच्या समोर मारिया नावाची तरुणी त्यांना बाबेलच्या बुरुजाची कथा सांगते. तिच्या तोंडवळ्याचा यंत्रमानव घडविला जातो आणि तो शहराला भुलवितो, तेव्हा प्रकटीकरणाच्या पुस्तकातील बाबिलोनची स्त्री पडद्यावर अवतरते. कॅथीड्रलमध्ये सात महापातकांचे पुतळे आहेत, आणि शेवटचा समेटही कॅथीड्रलच्या दारातच होतो. डोके आणि हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी, हे त्या समेटाचे सूत्र. लांग यांना स्वतःला पुढे हा शेवट परीकथेसारखा भाबडा वाटू लागला. माझेही मत तेच आहे. मजुरी, कामाचे तास, न्याय्य वाटा यांविषयी पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या परिपत्रकात जे रोखठोक लिहिले होते, त्यापुढे हे हस्तांदोलन फार स्वस्त वाटते. तरीही यंत्राच्या पाळीवरून परतणाऱ्या माणसांची ती खाली घातलेली मस्तके एकदा पाहिली की विसरता येत नाहीत.

या चित्रपटाची पटकथा लांग यांच्या तेव्हाच्या पत्नी थेआ फॉन हार्बू यांनी लिहिली होती. येथे एक अनपेक्षित मराठी धागा सापडतो. भारताचे हार्बूबाईंना विलक्षण वेड. ‘भारतीय समाधी’ या नावाची कादंबरी त्यांनी १९१८ मध्येच लिहिली होती. १९३३ मध्ये लांग यांच्यापासून त्यांचा घटस्फोट झाला. त्याच सुमारास बर्लिनमध्ये आयी गणपत तेंडुलकर हे त्यांच्याहून सतरा वर्षांनी लहान असलेले पत्रकार त्यांच्या जीवनात आले. तेंडुलकर बेळगावजवळच्या बेळगुंदीचे. दोघांनी गुपचूप विवाह केला. महायुद्ध सुरू होताना तेंडुलकर मायदेशी परतले आणि पुढे बेळगावात मराठी वृत्तपत्र चालवू लागले. त्यांच्या कन्येने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हा सारा वृत्तान्त आहे. हार्बूबाई मात्र जर्मनीतच राहिल्या आणि नाझी पक्षाच्या सभासद झाल्या. हृदयाच्या मध्यस्थीची कथा लिहिणाऱ्या लेखणीचा हा प्रवास मनाला चटका लावतो. लांग देश सोडून अमेरिकेस गेले होते.

चित्रपटाचे नशीबही असेच विस्कटले. पहिल्या खेळानंतर काही महिन्यांतच व्यापारासाठी त्याची काटछाट झाली आणि जवळजवळ चौथा हिस्सा नाहीसा झाला. ऐंशी वर्षे जगाने ‘मेट्रोपोलिस’ म्हणून जो पाहिला तो मोडका चित्रपट होता. २००८ मध्ये ब्यूनस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात एक प्रत सापडली. एका वितरकाने १९२८ मध्ये ती अर्जेंटिनात नेली होती. नंतर ती एका समीक्षकाच्या संग्रहात गेली, आणि ज्वालाग्राही मूळ फिल्म टाकून देण्यापूर्वी कोणी तरी तिची लहान आकाराची नक्कल करून ठेवली होती. नक्कल करताना मूळ प्रतीवरचे ओरखडेही त्यात उतरले. सुमारे पंचवीस मिनिटे परत मिळाली. फेब्रुवारी २०१० मध्ये बर्लिनला तो जुळविलेला चित्रपट दाखविण्यात आला. आजही तो पाहताना मध्येच चित्र लहान होते आणि पडद्यावर जणू पाऊस पडू लागतो. तोच तो सापडलेला भाग.

आता ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. परमेश्वराचा या चित्रपटांशी काय संबंध? याचे उत्तर दोन सेन्सॉरांनी देऊन ठेवले आहे.

१९५१ मध्ये रॉबर्ट वाइज यांनी ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ काढला. परग्रहावरून क्लातू नावाचा दूत वॉशिंग्टनला उतरतो, युद्धखोरी सोडा म्हणून सांगतो, सामान्यांच्या खाणावळीत ‘कारपेंटर’ म्हणजे सुतार या नावाने राहतो, सैनिकांच्या गोळीने मरतो आणि पुन्हा उठतो. हे साम्य पटकथाकाराने हेतुपुरस्सर योजले होते. त्या वेळी हॉलिवूडच्या नीतिसंहितेचे प्रमुख जोसेफ ब्रीन होते, आणि ते निष्ठावंत कॅथलिक होते. यंत्राने मेलेल्या माणसास कायमचे जिवंत करावे, हे त्यांच्या कार्यालयाला मान्य होईना. अखेर क्लातूच्या तोंडी एक खुलासा घालावा लागला की, जीवन-मरणाची खरी सत्ता सर्वसमर्थ आत्म्याकडेच आहे.

वीस वर्षांनी मॉस्कोत याच्या नेमके उलट घडले. आंद्रेई तारकोव्हस्की यांनी स्टानिस्लाव लेम यांच्या कादंबरीवरून ‘सोलारिस’ पूर्ण केला. दूरच्या ग्रहावरील महासागर माणसाच्या मनात दडपलेल्या अपराधाला देह देऊन समोर उभा करतो, अशी ती कथा आहे. नायकाची आत्महत्या केलेली पत्नी अंतराळस्थानकावर परत येते, आणि तिच्याशी कसे वागावे हे त्याला कळत नाही. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी आक्षेपांची लांबलचक यादी हातावर ठेवली. तारकोव्हस्कींनी ती आपल्या रोजनिशीत उतरवून ठेवली आहे. देवाची संकल्पना काढा, ख्रिस्ती धर्माची संकल्पना काढा, असे आक्षेप त्या यादीत आहेत. त्यांनी फारच थोडे बदल केले. १९७२ मध्ये कान येथे चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. व्हॅटिकनच्या यादीत तारकोव्हस्कींचे ‘आंद्रेई रुब्लेव्ह’ आणि ‘द सॅक्रिफाइस’ आहेत, ‘सोलारिस’ नाही. माझ्या मते ही त्या यादीतील उणीव आहे. एका राजधानीत देव घालावयास लावला आणि दुसऱ्या राजधानीत काढावयास सांगितला. विज्ञानपट म्हणजे पोरखेळ असता, तर एवढी दक्षता कोणी घेतली असती?

‘२००१’ विषयी फार सांगण्याची गरज नाही. एप्रिल १९६८ मध्ये, माणूस चंद्रावर उतरण्याच्या पंधरा महिने आधी, तो प्रकाशित झाला. पहिली पंचवीस मिनिटे त्यात कोणी एक शब्द बोलत नाही, म्हणून मुलांना दाखविताना आधी कल्पना द्यावी. हॅल नावाचा संगणक त्यात माणसांच्या ओठांच्या हालचाली वाचून त्यांचा बेत ओळखतो. आज यंत्रांशी बोलणाऱ्या पिढीला तो प्रसंग आमच्याहून अधिक भिववील. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) मी सुचविलेला नाही. तो वाईट नाही. पण तो राजपुत्र-राजकन्येचा खेळ आहे आणि घरोघरी आहेच.

दूरचित्रवाणीकडे वळले पाहिजे. ‘स्टार ट्रेक’ची मूळ मालिका १९६६ ते १९६९ अशी तीनच वर्षे चालली, भाग ७९. त्यातील कृष्णवर्णीय अभिनेत्री निशेल निकोल्स मालिका सोडण्याच्या विचारात असताना मार्टिन लूथर किंग यांनी त्यांना थांबविले, असे त्या सांगत. ऐंशीच्या दशकात ती दूरदर्शनवर आली, तेव्हा आम्ही ती शेजाऱ्यांच्या ओसरीत बसून पाहिली. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली. फितींच्या खर्चापायी बीबीसीने तिचे अनेक भाग पुसून टाकले. काही घरांतील मुलांनी मात्र संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून संवाद टिपले होते. त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. २०१३ मध्ये नायजेरियातून नऊ हरवलेले भाग परत मिळाले.

एक चित्रपट मात्र कोणत्याच कपाटात ठेवता येणार नाही. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये ‘द एलियन’ची पटकथा लिहिली. बंगालच्या एका खेड्यातील तळ्यात अंतराळयान उतरते आणि त्यातील लहानखुऱ्या पाहुण्याची एका गरीब मुलाशी मैत्री होते. हॉलिवूडशी बोलणी झाली, ती फिसकटली, आणि चित्रपट झालाच नाही. १९८२ च्या ‘ई. टी.’मध्ये आपल्या पटकथेची छाया आहे, असे राय म्हणत. स्पीलबर्ग यांनी ते नाकारले. मी यादीत ‘ई. टी.’ लिहिला आणि त्याच्या शेजारी राय यांचे नाव पेन्सिलीने टिपून ठेवले.

या साऱ्याकडे माझे लक्ष वेधले जाण्यास एक घरगुती कारणही आहे. माझ्याजवळ साठ-सत्तर व्हिडीओ कॅसेट होत्या. त्यांत ‘सोलारिस’ होता आणि आमच्या आईचा शेवटचा नाताळही होता. आमच्याकडच्या दमट पावसाळ्यांनी फितींवर पांढरी बुरशी धरली. एका दुकानदाराने साफ करून देतो म्हणून त्या नेल्या आणि त्या कोऱ्या होऊन परत आल्या. त्याचा दोष किती आणि माझ्या निष्काळजीपणाचा किती, हे आता ठरविण्यात अर्थ नाही.

समितीच्या पुढच्या सभेत यादी मंजूर झाली. ज्येष्ठ सभासदांनी एकच सूचना केली, ती इतिवृत्तात नोंदविली आहे : प्रत्येक चित्रपटाच्या दोन प्रती कराव्यात, त्यांतील एक वाचनालयात ठेवावी आणि दुसरी पाद्रीबंगल्याच्या वरच्या मजल्यावर, जेथे पाणी शिरत नाही.