ईमचे दोन पाळक

मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती माणूस आपल्या धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतो आणि चर्चला येणाऱ्या लोकांना ‘मंडळी’. मला हे शब्द आवडतात. पाळक म्हटलं की उन्हातान्हात कळपामागे चालणारा माणूस दिसतो. लांडगा आला तर त्यानं काय करायचं, ते ठरलेलं असतं. पण रोगच कळपात शिरला तर?

इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या ईम या डोंगराळ खेड्यापुढे हा प्रश्न १६६५ मध्ये आला. लंडनमध्ये प्लेगनं थैमान मांडलं होतं. तिथून ईमच्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला आणि त्यातल्या पिसवांबरोबर प्लेगही आला, असं सांगतात. शिंप्याचा मदतनीस जॉर्ज विकर्स सप्टेंबरात दगावला. हिवाळ्यात साथ मंदावली, पण १६६६ च्या उन्हाळ्यात पुन्हा उसळली. लोक गाव सोडायच्या विचारात होते.

गावचा पाळक विल्यम मॉम्पेसन तिशीच्या आतला, नुकताच आलेला. गावाला तो फारसा आपला वाटत नव्हता. आपला होता तो आधीचा पाळक, थॉमस स्टॅन्ली. तो प्युरिटन पंथाचा. सरकारमान्य प्रार्थनाविधी स्वीकारायला नकार दिल्यानं त्याचं पद गेलं होतं. त्या काळी या दोन पक्षांतलं वैर साधं नव्हतं. तरी दोघं एकत्र आले. मला या हकिगतीतली सर्वांत अवघड गोष्ट हीच वाटते. गादीवर बसलेल्यानं गादीवरून उतरवलेल्याला सोबत घेणं कुठल्याच धर्मात सोपं नसतं!

दोघांनी मिळून गावाला सांगितलं, की कुणी वेस ओलांडायची नाही. रोग आसपासच्या गावांत न्यायचा नाही. चर्च बंद ठेवून प्रार्थना कक्लेट डेल्फ या घळीत, उघड्यावर, घराघरानं अंतर राखून होऊ लागली. मेलेल्यांना ज्यानं त्यानं आपल्याच शेतात, परसात पुरायचं ठरलं. वेशीवरच्या दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात लोक नाणी ठेवत आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून जात. डेव्हनशरच्या अर्लनंही रसद पुरवली. साथ असलेल्या गावात जाऊ नका आणि तुमच्या गावात आली तर तिथून पळू नका, अशी पैगंबरसाहेबांची हदीस मी लहानपणापासून ऐकत आलो, म्हणून हा निर्णय मला परका वाटला नाही. पण ऐकणं वेगळं आणि पाळणं वेगळं. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या नाक्यानाक्यावर पोलीस होते. पाळकाजवळ फक्त शब्द होता.

त्या शब्दाची किंमत एलिझाबेथ हॅनकॉक या बाईनं मोजली. त्या ऑगस्टात आठ दिवसांत तिनं नवरा आणि सहा मुलं आपल्या हातांनी पुरली. ती थडगी आजही तिथल्या माळावर आहेत. मॉम्पेसनची बायको कॅथरिन त्याला सोडून जायला तयार नव्हती. तीही त्याच महिन्यात गेली. आपली मुलं मात्र त्यानं आधीच यॉर्कशायरला पाठवली होती. हॅनकॉकबाईला हे ठाऊक असेल का? बाप म्हणून मी त्याला दोष देऊ शकत नाही, पण प्रश्न मनातून जात नाही.

नोव्हेंबरात साथ थांबली, तोवर सुमारे २६० माणसं गेली होती. पुढच्या शतकांत कवींनी आणि लेखकांनी या कथेवर बरीच पुटं चढवली. ज्यांना ऐपत होती ते आधीच निसटले होते आणि कोंडून घेतल्यानं गावातले मृत्यू वाढलेही असतील, असं काही अभ्यासक म्हणतात. ते डावलून चालणार नाही. पण थडगी खोटी नाहीत.

काही वर्षांनी मॉम्पेसनची नेमणूक नॉटिंगहॅमशायरमधल्या ईकरिंगला झाली. तिथली मंडळी त्याला घाबरली. प्लेगच्या गावाचा माणूस म्हणून त्याला गावात घेईनात. मग काही काळ तो गावाबाहेर, रफर्डच्या रानात झोपडी बांधून राहिला.