कुलरचा पाइप मातीकामातून आला

वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याच्या रस्त्यांनी वर्षानुवर्षे पाहिली ती एसटी, मालट्रक आणि टोकाई कारखान्याकडे ऊस ओढणारे ट्रॅक्टर. ही सगळी वाहने कोरड्या क्लचप्लेटीची. तिची उष्णता गिअर ऑइलपर्यंत फारशी पोचत नाही आणि पोचते ती बिडाचे हाऊसिंगच हवेत सोडते. अमेरिकेत ओल्डस्मोबाइलच्या १९४० च्या मॉडेलपासून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स विकला जाऊ लागला, पण तो इकडे रुळायला कित्येक दशके गेली. म्हणून माझे म्हणणे असे, की गिअर ऑइल थंड करणाऱ्या पाइपांची ओळख अशा गावांना मोटारीने नव्हे, मातीकामाने करून दिली.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात नालाबांध उभे राहिले ते टिकाव, फावडे आणि घमेल्यावर. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार सुरू झाले तेव्हा तेच काम जेसीबी आणि पोकलेनकडे गेले होते. जेसीबीचे बकेट ढिगाऱ्यात घुसते तेव्हा चाके जवळपास थांबलेली आणि इंजिन पूर्ण जोरात असते. त्या क्षणी क्लचच्या जागी असलेल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल नुसते घुसळले जाते, इंजिनची ताकद उष्णता होऊन त्यातच उतरते. मग ते तेल एका पाइपने कुलरमध्ये न्यायचे आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सकडे परत आणायचे, याला पर्याय नसतो. पाइप जोडताना दोन पाने लागतात: एकाने कुलरचा नट धरायचा, दुसऱ्याने पाइपचा आवळायचा, नाहीतर सांधाच पिळवटतो. ओ-रिंग नवी हवी. पाण्याचा होज इथे चालत नाही, गरम तेलाने तो फुगतो आणि सुटतो. रिकामा कुलर आणि पाइप भरण्यात तेल जाते, म्हणून इंजिन फिरवून पातळी पुन्हा बघावीच लागते.

कोणी म्हणेल, २०१४ मध्येच मारुतीची सेलेरिओ क्लच पेडलशिवाय आली, मग मोटारीला श्रेय का नको? पण तिच्यात नेहमीच्या गिअरबॉक्सचा क्लच यंत्र दाबते. टॉर्क कन्व्हर्टर नाही, म्हणून हे पाइपही नाहीत. ट्रॅक्टरच्या लिफ्टचा मुद्दा जास्त वजनदार आहे, कारण पुष्कळ ट्रॅक्टरांत लिफ्ट गिअरच्याच तेलावर चालते. तरी लिफ्ट क्षणभर उचलते आणि थांबते. दिवसभर तेल तापवते ते मातीचे ओझे. दुष्काळी कामांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी टिकावाइतकीच या पाइपाची आणि तो जोडणाऱ्या मिस्त्रींच्या कसबाचीही नोंद घ्यावी.