बाहुलीघर (संचबांधणी)
बाहुलीघर : सुट्या भागांच्या तयार संचातून छोटे घर बांधण्याचा व सजवण्याचा छंद. त्याला पोरखेळ समजणे इतिहासाला धरून नाही. ॲम्स्टरडॅमच्या पेट्रोनेला ऑर्टमन हिने सतराव्या शतकाच्या अखेरीस सजवलेले, आज राइक्सम्युझियममध्ये असलेले बाहुलीघर प्रौढ, श्रीमंत स्त्रीच्या हौसेचे होते. १९२१–२४ मध्ये वास्तुकार एडविन लट्येन्सने ब्रिटनच्या राणी मेरीसाठी रचलेले घर (आता विंडसर कॅसलमध्ये) १:१२ प्रमाणात आहे. फुटाला इंच हे प्रमाण आजही रूढ असून लहान संच बहुधा १:२४ चे असतात.

संचातले प्लायवुड वा एमडीएफ आधीच कापलेले असते, मग यात कौशल्य ते काय, असा आक्षेप घेतला जातो. भिंती उभ्या करण्यापुरता तो खराही आहे. पण माप लहान केले म्हणून कापडाचा ताठपणा कमी होत नाही. एवढ्याशा कापडाचा पडदा चुणीत न पडता पुठ्ठ्यासारखा फुगतो. तो ओला करून, टाचण्यांनी चुण्या धरून वाळवावा लागतो. लाकडाच्या रेषाही बारीक निवडाव्या लागतात, नाहीतर टेबल ओंडक्यासारखे दिसते. शिवाय क्रम चुकला की काम उकलावे लागते : दिव्यांच्या तारा भिंतीच्या कागदाआधी, आणि डिंक लावण्यापूर्वी सगळे घर एकदा कोरडेच जुळवून पाहायचे. सूचनापत्रक भागांचे क्रमांक सांगते. नजरेला काय खटकेल, हे सांगत नाही.